जुनी बुलेट, नवी बुलेट: एकाच अंगणात तीन पावसाळे

वरंधावाट · रविवार, रात्री 9:40

नमस्कार मंडळी.

आमच्या अंगणात दोन बुलेट उभ्या असतात. एक बाबांची, 1986ची, ओतीव लोखंडाच्या इंजिनाची. दुसरी मी 2022मध्ये घेतलेली क्लासिक 350. तीन पावसाळे दोन्ही आलटून पालटून चालवल्या आहेत. कामाला नवी, सुट्टीच्या दिवशी वरंधा घाटात बहुतेक जुनी, आणि कधीकधी मुद्दाम उलट. "जुनी घेऊ की नवी" हा प्रश्न इथे वरचेवर येतो आणि उत्तरं दोन ओळींत संपतात. मला दोन ओळींत सांगता येणार नाही, म्हणून हा धागा.

आधी आकडे. जुनी 346 सीसी, 18 अश्वशक्ती. नवी 349 सीसी, 20.2 अश्वशक्ती. एवढंच बघितलं तर दोघी सख्ख्या बहिणी वाटतील. पण जुनीचं इंजिन मुळात 1949च्या इंग्लिश आराखड्याचं, 1955पासून मद्रासला बनायला लागलेलं. इंजिन वेगळं, गिअरबॉक्स वेगळा. चार गिअर, तेही उजव्या पायात. पहिला वर, बाकीचे खाली. ब्रेक डाव्या पायात. नवीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात, पाच गिअर, कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन, थरथर मारायला बॅलन्सर, माझ्या मॉडेलला दोन्ही चाकांना डिस्क आणि एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी सोय. किक नाहीच.

सकाळी जुनी सुरू करायची तर घाई चालत नाही. पेट्रोलचा कॉक उघडायचा, थंडी असेल तर चोक ओढायचा, चावी फिरवायची आणि ॲमीटरच्या (बॅटरीचा प्रवाह दाखवणाऱ्या मीटरच्या) काट्याकडे बघायचं. डाव्या हाताशी डीकॉम्प्रेसरचा (सिलेंडरमधला दाब सोडणारा) छोटा लिव्हर असतो, तो ओढून धरत किक सावकाश दाबत जायचं. पॉइंट (प्लगची ठिणगी पाडणारा स्विच) मिटलेले असताना काटा एका बाजूला कललेला असतो, पॉइंट उघडले की मध्यावर येतो. मध्यावर आला की समजायचं, पिस्टन हवा तिथे आलाय. अगदी किंचित पुढे ढकलायचं, लिव्हर सोडायचा, किक पूर्ण वर येऊ द्यायची आणि मग अंगाचं वजन टाकून एकच किक. बरोबर जमलं तर पहिल्या किकेत उठते. पिस्टन अलीकडे राहिला तर किक उलटी येते आणि घोटा सुजतो. बाबांनी मला हे सोळाव्या वर्षी शिकवलं, पेट्रोल बंद ठेवून, नुसता काटा बघायला लावून. दोन संध्याकाळी मी फक्त तेवढंच केलं होतं.

आता चालवण्याचं. भोर सोडलं की रस्ता नीरा देवघरच्या पाण्याच्या कडेकडेने जातो. तिथे जुनी चौथ्या गिअरमध्ये पन्नास-पंचावन्नला असते तेव्हा ठोका न् ठोका वेगळा ऐकू येतो. चढ लागला की आवाज जड होतो आणि गिअर कधी खाली टाकायचा ते कानालाच कळतं. फ्लायव्हील जड, त्यामुळे थ्रॉटल सोडला तरी ती लगेच पडत नाही, स्वतःच्या वजनाने ओढत राहते. नवी त्याच रस्त्यावर छान चालते, पण पंचावन्नला ती माझ्याकडून काहीच मागत नाही. जुनी पंचावन्नला जो आनंद देते तो नवीकडून मिळवायला नव्वद गाठावे लागतात, आणि घाटातल्या त्या अरुंद वळणांवर नव्वद गाठणं हा मूर्खपणा आहे.

सातारा हायवेवर मात्र सगळं उलट. जुनी सत्तरच्या पुढे गेली की हँडलमधून मुंग्या यायला लागतात. तासाभराने बोटं बधिर. मागून ट्रक आला की आपण डावीकडे सरकायचं, दुसरा उपाय नाही. नवी पंचाण्णवला दिवसभर पळते आणि संध्याकाळी उतरल्यावर पाठ शाबूत असते.

भरवशाचा हिशोब प्रामाणिकपणे देतो. तीन वर्षांत नवी रस्त्यात एकदाही थांबली नाही. जुनी चार वेळा थांबली. एकदा क्लचची वायर तुटली (मी ती किती वर्षांत बदलली नव्हती ते आठवतही नव्हतं, चूक माझीच), एकदा प्लग काळा पडला, एकदा पॉइंटवर काजळी धरली, एकदा कार्बोरेटरमध्ये कचरा गेला. चारही वेळा मी सीटखालच्या हत्यारांवर घरी आलो. क्लचच्या वेळी तर पळतपळत ढकलून दुसऱ्यात टाकली आणि भोरपर्यंत क्लचशिवाय गिअर बदलत आलो. सगळ्यात जास्त वेळ पॉइंटने खाल्ला, चाळीस मिनिटं.

पण या चार वेळांपैकी तीन वेळा गाडीने आधी सांगितलं होतं. वायर आठवडाभर कडक लागत होती. पॉइंटच्या वेळी दोन दिवस किक जास्त मागत होती. आमच्याकडे एक मेकॅनिक काका आहेत, सत्तरीचे. मी गल्लीच्या तोंडाशी आलो की गाडी दिसण्याआधीच ते आवाजावरून सांगतात, "एक्झॉस्टचा टॅपेट ढिला झालाय." टॅपेट म्हणजे इंजिनाची झडप ढकलणारा भाग, त्याची फट लावावी लागते. उघडून बघितलं की तसंच असतं. म्हणून मला वाटायला लागलंय की जुन्या गाडीचा निम्मा भरवसा गाडीत असतो आणि निम्मा ती ऐकणाऱ्या माणसाच्या कानात. काकांनी शटर ओढलं की माझ्या गाडीचा तो निम्मा भरवसा जाईल, हीच मला खरी काळजी आहे.

तुमचा अनुभव काय? भरवसा कशाला म्हणता तुम्ही?

मावळमाती · रविवार, रात्री 10:05

मस्त धागा. काट्याचं वर्णन वाचून पोटरी दुखली. दोघींचा शेजारीशेजारी फोटो टाका ना.

उद्यमनगरी · सोमवार, सकाळी 6:50

वरंधावाट, मी कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवर आणि इंजिनकामात हयात घालवली. बुलेटपेक्षा जावा-येझदी या टू-स्ट्रोक गाड्या जास्त हाताखालून गेल्या, म्हणून त्यांच्याबद्दल लिहितो.

येझदीची बांधणी दणकट. म्हैसूरचा कारखाना 1996ला बंद पडला, तरी आमच्या भागात दुधाचे कॅन लटकवलेल्या येझदी त्यानंतरही कित्येक वर्षं फिरत होत्या. किक आणि गिअर एकाच लिव्हरवर. उचलून फिरवला की किक, जागेवर पाडला की गिअर. गिअर टाकताना लिव्हर दाबला की क्लच आपोआप थोडा सुटतो, त्यामुळे मुरलेला माणूस डाव्या हाताला त्रास न देता गिअर बदलतो. आज हे पोरांना दाखवलं की त्यांचे डोळे मोठे होतात.

पण या गाड्या माझ्याकडे पिस्टन धरून यायच्या आणि निम्म्याहून जास्त वेळा कारण एकच असायचं. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना माणूस चार स्ट्रोकच्या सवयीने गाडी गिअरमध्ये ठेवतो आणि थ्रॉटल मिटतो. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. थ्रॉटल मिटला म्हणजे पेट्रोल बंद, म्हणजे तेलही बंद, आणि इंजिन मात्र चाकाच्या जोराने गरगर फिरतंय. पाच-सहा किलोमीटर असं चाललं की पिस्टन सिलेंडरला चिकटलाच. जुने लोक उतारावर मधेमधे क्लच धरून थ्रॉटल मारायचे, लोकांना वाटायचं मिजास दाखवतोय. मिजास नव्हती, पिस्टनला तेल पाजणं होतं.

धरलेला पिस्टन म्हणजे पाव मिलिमीटर बोअर (सिलेंडरचं भोक) वाढवायचा, त्या मापाचा पिस्टन घालायचा, रिंगचा गॅप बघायचा. एकाच ब्लॉकचं असं तीन-चार वेळा करता येतं. पुढे स्लीव्ह (सिलेंडरमध्ये बसवायची नवी नळी). म्हणजे इंजिनाला मरण जवळजवळ नाहीच. तुम्ही कानाचं म्हणालात ते मान्य, पण त्याच्या जोडीला एक गोष्ट घाला: सुटे भाग. आज बाजारात मिळणारे पिस्टन मी मायक्रोमीटरने मोजतो, एकाच खोक्यातले दोन सारखे निघत नाहीत. जुनी गाडी दगा देते असं लोक म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा तिच्यात काल बसवलेला नवा भाग दगा देत असतो. जुन्या गाडीतला मूळचा भाग कधीही भंगारात टाकू नका. झिजला असेल तरी माप घ्यायला उपयोगी पडतो.

कोकणकडा · सोमवार, दुपारी 1:15

वरंधावाट, तुमचं लिखाण आवडलं, पण मला यात एक बाजू अजिबात दिसली नाही. ब्रेक.

मागच्या जुलैत पोलादपूरच्या अलीकडे, संततधार पाऊस, संध्याकाळचे सहा. वळण संपलं आणि समोर वासरू. मी दोन्ही ब्रेक पूर्ण दाबले. लिव्हर बोटांखाली धडधडला, मागचं चाक जरासं हललं आणि गाडी सरळ रेषेत थांबली. वासरू माझ्याकडे बघत उभं होतं, मधे एक गाडीचं अंतर असेल. माझे हात नंतर पाच मिनिटं थरथरत होते. त्या जागी भिजलेले ड्रम असते तर? ड्रममध्ये पाणी गेलं की पहिल्या दाबाला काहीच लागत नाही आणि मग एकदम धरतो. पुढचं चाक अडकलं की दुचाकीवर दुसरी संधी नसते. आपल्याकडे 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस 2019पासून सक्तीचं झालं, याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

दुसरं. जुन्या गाड्यांच्या गप्पांमध्ये किक मारणारा पाय पुरुषाचाच धरलेला असतो. माझी उंची पाच फूट एक इंच. मामाकडच्या जुन्या बुलेटवर मी शिकायचा प्रयत्न केला होता. मधल्या स्टँडवरून उतरवणं, चढावर उभी धरणं, किक उलटी आली तर सावरणं, हे सगळं मला एकटीने जमण्यासारखं नव्हतं. बटणावर सुरू होणारी गाडी आली तेव्हा मी एकटी कोकणात जायला लागले. तुम्हाला जुनीवर जो आनंद मिळतो तो खराच असणार. माझा आनंद हा की आडवाटेवर संध्याकाळी गाडी बंद करून सूर्यास्त बघत बसावं आणि ती परत सुरू होईल का हा विचार मनात येऊ नये.

वरंधावाट · सोमवार, रात्री 8:30

कोकणकडाताई, ब्रेकचं मी लिहायला हवं होतं, राहून गेलं. जुनीवर मी पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवतो आणि मुसळधार पावसात ती बाहेर काढतच नाही. दिव्याचंही तेच. अंधार पडायच्या आत घरी यायचं हा बाबांचा नियम आजही पाळतो. माझ्याकडून एक दुरुस्ती: वर मी "तीन पावसाळे दोन्ही चालवल्या" लिहिलंय, पण भर पावसातले जवळजवळ सगळे किलोमीटर नवीचे आहेत. म्हणजे माझ्या भरवशाच्या हिशोबात जुनीला मी सोपे दिवस दिले आहेत.

किकबद्दल तुम्ही म्हणालात त्यावर मी कधी विचारच केला नव्हता. खरं आहे.

उद्यमनगरी, उताराचं कारण आज पहिल्यांदा नीट समजलं. आमच्या शेजारी एकांची येझदी दर वर्षी पिस्टन का धरते ते आता त्यांना सांगतो.

सह्यभ्रमंती · सोमवार, रात्री 9:20

माझ्याकडे 2019ची इंजेक्शनवाली गाडी आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण चूक कंपनीची नव्हती. 62 हजार किलोमीटर झाले. तेल, चेन, टायर, ब्रेक पॅड याशिवाय काही बदललेलं नाही. असा भरवसा बाबांच्या पिढीला स्वप्नातही मिळाला नसेल.

फक्त एकदा थांबली. महाडजवळ रात्री एका घरगुती खानावळीत मुक्काम केला, सकाळी बटण दाबलं तर स्टार्टर फिरतोय पण इंजिन उठत नाही. मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा. मी सीट काढली, फ्यूज बघितले, बॅटरीचे टोक घासले. पुढे काय करायचं ते मला माहीत नव्हतं, आणि गावातल्या मेकॅनिकलाही नव्हतं. तो चांगला माणूस होता, त्याने स्पष्ट सांगितलं की हात लावून बिघडवण्यापेक्षा तुम्ही ती टेम्पोत घाला. पुण्याला आणली. संगणक जोडल्यावर दहा मिनिटांत कळलं, उंदराने एका सेन्सरची वायर कुरतडली होती. पण त्या जोडणीचा हार्नेस (वायरांचा जुडगा) मागवायला अकरा दिवस गेले.

आता यातून कोण जास्त भरवशाची ते तुम्हीच ठरवा. सहा वर्षांत एकदाच, पण त्या एका वेळी मी पूर्णपणे लाचार होतो. वरंधावाटची चार वेळा थांबली आणि चारही वेळा तो स्वतः घरी आला. मी अजूनही नवीच घेईन, कारण मला हत्यारं हातात घ्यायची आवड नाही. पण तेव्हापासून लांब जाताना ती खानावळीच्या मागच्या बाजूला, भाताच्या पेंढ्याजवळ लावत नाही.

मांडवीकाठ · मंगळवार, सकाळी 7:30

गोव्यातून लिहितोय. माझे आजोबा पायलट होते, म्हणजे आमच्याकडची मोटरसायकल टॅक्सी चालवणारे. पुढचा मडगार्ड पिवळा, म्हापसा बाजाराजवळ थांबा. त्यांच्या दृष्टीने भरवशाचा अर्थ एकच: सकाळी सातला पहिलं भाडं आलं की गाडी उठली पाहिजे आणि संध्याकाळी पेट्रोल वजा जाता घरी पैसे आले पाहिजेत.

सुरुवातीला त्यांच्याकडे टू-स्ट्रोक होती. तिच्यावर त्यांचा जीव होता, रविवारी स्वतः सायलेन्सर काढून जळालेलं तेल खरवडायचे. पण 1985ला शंभर सीसीची चार स्ट्रोकवाली जपानी बनावटीची सीडी100 आपल्याकडे आली आणि दोन-तीन वर्षांत थांब्यावरचा हिशोब बदलला. आधीची गाडी लिटरला तीस-पस्तीस द्यायची, ही त्याच्या दुप्पट. तेल मिसळायची कटकट नाही, प्लग दर पंधरवड्याला साफ करणं नाही. आजोबांनी जुनी विकली तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत असं आजी सांगते. पण विकली. आवडीची गाडी वेगळी आणि पोटाची गाडी वेगळी, हा फरक त्यांना करावा लागला. इथे बोलणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांना तो करावा लागत नाही, कारण आपल्याकडे दुसरी गाडी असते.

नवागडी · मंगळवार, दुपारी 12:10

मी 24 वर्षांचा, नवीन सभासद. यामाहाची जुनी आरएक्स100 घ्यायची आहे. शाळेत असताना शिकवणीच्या सरांकडे होती, तो आवाज डोक्यातून जात नाही. बजेट एक लाख वीस हजार. तेवढ्यात नवी 125-150 सीसी येते हे माहीत आहे. चूक करतोय का? घरात दुसरी गाडी नाही, कामाला रोज 22 किलोमीटर.

उद्यमनगरी · मंगळवार, दुपारी 2:40

नवागडी, आरएक्स100 ही फार गोड गाडी. 98 सीसीत 11 अश्वशक्ती आणि वजन शंभर किलोच्या घरात, म्हणून ती तशी उसळते. तेलाचा पंप वेगळा, त्यामुळे मिसळायची भानगड नाही. पण 1996ला बंद झालेल्या गाडीवर रोज 22 किलोमीटर, दुसरी गाडी नाही, हे मी माझ्या मुलाला करू दिलं नसतं.

घ्यायचीच असेल तर चार गोष्टी बघ. इंजिन आणि चॅसिसचा नंबर आरसीवरच्याशी स्वतः ताडून बघ. नंबरावर घासल्याची, परत ठोकल्याची खूण दिसली तर उठून घरी ये. रंग नवा असेल तर जास्त शंका घे. थंड इंजिनावर किक मारून बघ, विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर "उद्या सकाळी येतो" म्हण. आणि बोअर कितवा आहे ते विचार. शेवटच्या मापाचा असेल तर स्लीव्हचा खर्च किमतीतून वजा कर.

पासिंगवाला · मंगळवार, दुपारी 4:05

कागदांचं मी सांगतो, कारण इथेच पोरं फसतात. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून नोंदणी नवी करावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. ते झालेलं नसेल तर थकलेला दंड विकणाऱ्याने भरल्याशिवाय पैसे देऊ नकोस. एप्रिल 2019च्या आधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरपाटीही लागते.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021पासून वेगळी व्हिंटेज नोंदणी आहे. नव्याने करायला 20 हजार, दहा वर्षांनी नूतनीकरणाला 5 हजार. पण त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यासाठीच. हे न वाचता लोक अर्ज करतात.

कोकणकडा · मंगळवार, संध्याकाळी 6:20

नवागडी, आधी नवी घे, दोन वर्षं चालव. मग आरएक्ससाठी साठव. सरांच्या गाडीचा आवाज तोपर्यंत कुठे जात नाही.

वरंधावाट · बुधवार, रात्री 9:00

उद्यमनगरी, एक विचारायचं होतं. आता बहुतेक पंपांवर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुनी गाडी गेल्या वर्षापासून जरा जास्त तापते असं वाटतंय, आणि पेट्रोलची नळी हाताला मऊ लागली म्हणून बदलली. कारण तेच का?

उद्यमनगरी · गुरुवार, सकाळी 6:30

असू शकतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे पूर्वीच्याच जेटवर (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक छिद्रावर) मिश्रण पातळ होतं आणि इंजिन गरम चालतं. नव्या गाडीत सेन्सर ते ओळखून पेट्रोल वाढवतो, जुन्या कार्बोरेटरला कोण सांगणार? प्लग काढून बघा. टोक विटकरी-तपकिरी असेल तर ठीक. पांढुरकं दिसलं तर मेन जेट एक नंबर मोठा घाला. टू-स्ट्रोकवाल्यांनी तर हे टाळूच नये, त्यांचा पिस्टन आधी जातो.

दुसरं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. महिनामहिना उभी राहणारी गाडी अर्ध्या टाकीवर ठेवू नका, आतून गंज धरतो. टाकी गच्च भरा, कॉक बंद करा आणि कार्बोरेटरच्या फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल काढून टाका. जुन्या रबराच्या नळ्या, वॉशर हे इथेनॉलपुढे टिकत नाहीत. आता इथेनॉलला चालणाऱ्या नळ्या मिळतात, मीटरभर घेऊन ठेवा.

मावळमाती · गुरुवार, सकाळी 9:15

हा प्रतिसाद छापून गॅरेजच्या भिंतीवर लावणार आहे.

वरंधावाट · शनिवार, रात्री 8:10

प्लग पांढुरका निघाला. नाना पेठेत जाऊन जेट आणला, बसवला. फरक लगेच कळला.

जेट बसवायला काकांकडे गेलो तेव्हा त्यांनी सांगितलं, दिवाळीनंतर दुकान बंद. गुडघे साथ देत नाहीत, मुलगा नोकरीत. मी काही बोललोच नाही. मग त्यांनीच गाडी स्टँडला लावली, टॅपेटचं झाकण काढलं आणि माझा हात धरून पुशरॉडवर (टॅपेटपासून झडपेकडे जाणाऱ्या दांड्यावर) ठेवला. "बोटाने फिरव. फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. इंजिन गार असताना. बस." दोन्ही टॅपेट मला चार वेळा ढिले करायला आणि चार वेळा लावायला लावले. मग गाडी सुरू करून एक मुद्दाम ढिला ठेवला आणि म्हणाले, "डोळे मीट, ऐक." त्या ठोक्यांच्या मधे एक बारीक टिकटिक होती. तीस वर्षं ही गाडी ऐकतोय आणि ती टिकटिक मला वेगळी कधीच ऐकू आली नव्हती.

ज्यांना यायचं त्यांनी पुढच्या रविवारी सकाळी सातला भोरला या. रस्ता चालू असला तर वरंध्यापर्यंत, नाहीतर धरणाच्या पाण्यापर्यंत. कोकणकडाताई, तुम्हाला जुनी चालवून बघायची असेल तर सुरू करून मी देईन.

कोकणकडा · पुढचा रविवार, रात्री 9:50

आम्ही पाच जण होतो. वरंधावाटने जुनी सुरू करून दिली, पण पाण्याच्या कडेला चहाला थांबलो तेव्हा मी म्हटलं, आता मला मारू दे. गाडी मधल्या स्टँडवर, मी शेजारच्या कठड्याच्या दगडावर उभी. काटा मध्यावर आणायला मला सात-आठ प्रयत्न लागले, किक मात्र दुसरीच लागली. आवाज आला तेव्हा मी ओरडलेच.

बारा किलोमीटर चालवली. पंचेचाळीसच्या वर नेली नाही. चढावर ती जशी ओढते ते मला फार आवडलं, वरंधावाटने लिहिलंय त्यात अतिशयोक्ती नाही. पण एका वळणावर समोरून एसटी आली, उजवा पाय सवयीने ब्रेक शोधत गिअरवर गेला आणि माझ्या पोटात गोळा आला. परतीला मी माझीच घेतली, मन लावून चालवली.

एक सांगायचं राहिलं. जुनीवरून उतरताना मी म्हटलं, "हिच्यात काहीतरी टिकटिक वाजतंय." सगळे हसले, पहिल्यांदाच चालवतेय म्हणून.

वरंधावाट · सोमवार, सकाळी 7:05

ताई, आत्ता गार इंजिनावर झाकण काढून बघितलं. एक्झॉस्टचा पुशरॉड वरखाली हलत होता, कागदाच्या जाडीएवढा. लावला. काल परतीच्या वाटेवर पंचवीस किलोमीटर मी तीच गाडी चालवत होतो आणि मला ऐकू आलं नव्हतं. दुपारी काकांना जाऊन सांगतो. पुढच्या महिन्यात तुम्ही येणार असाल तर तारीख आधी कळवा, ते दुकान बंद करायच्या आत मला तुम्हाला त्यांच्याकडे न्यायचंय.